वहिवाट : आगाखान पॅलेस आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'ऐतिहासिक वास्तूंचं जतन आणि मुस्लिम समाज'. हा विषय असा आहे की बोलणारा ताजमहालापासून सुरुवात करतो आणि कुतुबमिनारापाशी पोचेपर्यंत चहाची वेळ होते. म्हणून मी एकच वास्तू घेतो, तीही इथून रिक्षानं जाता येईल अशी. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस. इमारत, भोवतीची बाग, मागच्या बाजूच्या समाध्या असं मिळून साधारण 19 एकरांचं आवार. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. खराडीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि रोज त्या फाटकावरून जातो. गेली तीन वर्षं महिन्यातल्या एका रविवारी आपल्या वस्त्यांमधल्या दहा-पंधरा जणांना तिथं घेऊन जातो. त्यातून जे वाचलं, जे ऐकलं, ते सांगतो.

सुरुवात एका पत्रापासून करू. 6 मे 1944. गांधीजींच्या सुटकेचा दिवस. 9 ऑगस्ट 1942 ला त्यांना अटक करून इथं आणलं होतं, म्हणजे जवळजवळ एकवीस महिने झाले होते. या एकवीस महिन्यांत त्यांनी आपली दोन माणसं इथं गमावली. महादेवभाई देसाई अटकेनंतर आठवडाभरातच गेले, 15 ऑगस्ट 1942 ला. कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 ला गेल्या. दोघांचं दहन याच आवारात झालं. आता सुटका झाली, माणूस आजारी आहे, मलेरियानं पार थकलेला आहे, बाहेर लोक वाट बघतायत. अशा वेळी गांधीजी तुरुंग महानिरीक्षकांना एक पत्र लिहितात. त्याचा मतलब असा : जिथं दहन झालं ती जागा आता पवित्र झाली आहे, सरकारनं ती ताब्यात घ्यावी, आणि आगाखानांच्या आवारातून तिथपर्यंत जायला वाट ठेवावी, म्हणजे आप्तांना आणि मित्रांना हवं तेव्हा तिथं जाता येईल. जागेची देखभाल आणि रोजची प्रार्थना यांची व्यवस्था मी करीन, सरकारची परवानगी असेल तर.

स्मारक बांधा, पुतळा उभारा, असं काही त्यात नाही. मागणी दोनच गोष्टींची आहे. वाट आणि देखभाल. मला वाटतं, कुठल्याही जुन्या वास्तूच्या जतनाचा सगळा प्रश्न या दोन शब्दांत मावतो.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : वहिवाट. गावाकडचे जे आहेत त्यांना सांगायला नको. दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या विहिरीवर जायची वाट, तिच्यावरून पिढ्यान्पिढ्या भांडणं चालतात. शहरातल्या मुलांसाठी सांगतो. 1882 चा सुविधाधिकारांचा कायदा आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, विनातक्रार, वीस वर्षं अखंड ये-जा केली तर त्या वाटेवर हक्क तयार होतो. त्याच कायद्यात उलटीही तरतूद आहे. ती वाट सलग वीस वर्षं वापरलीच नाही, तर हक्क विझतो. मालकी कागदावर राहते, वहिवाट पायांवर राहते. कायद्याचे जाणकार इथं बसलेत, त्यांना माझं वाक्य ढोबळ वाटेल, पण मुद्दा तेवढाच आहे.

आता हे घर कुणाचं, ते बघू. सर सुलतान मुहम्मद शाह, तिसरे आगाखान, खोजा इस्माइली जमातीचे इमाम. बांधकामाचं साल 1892 सांगितलं जातं. आणि कारण असं सांगितलं जातं की दुष्काळ होता, आसपासच्या गावांतल्या लोकांना काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना 1972 चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायची, पाझर तलावावर माती टाकायची, आठवड्याला हजेरी बघून मजुरी. तसंच हे काम, फक्त त्यातून तलावाऐवजी कमानींचा राजवाडा उभा राहिला. इथं माझ्या डोक्यातला इंजिनिअर जागा होतो. आगाखानांचा जन्म 1877 चा. म्हणजे 1892 साली ते पंधरा वर्षांच्या आसपास होते. इमामपद त्यांच्याकडे सातव्या-आठव्या वर्षीच आलेलं, आणि त्या काळात घरच्या कारभारात त्यांच्या आईचा, लेडी अली शाह यांचा, मोठा वाटा होता. तेव्हा 'आगाखानांनी दुष्काळग्रस्तांना काम दिलं' हे वाक्य आपण म्हणतो, तेव्हा त्या निर्णयामागे एखादी बाई उभी असेल, हा विचार तरी करायला हरकत नाही. आणि ज्यांनी दगड वाहिले त्यांची तर नावंच नाहीत. मी लोकांना कमानींखाली उभं करतो तेव्हा आधी हे सांगतो. खूप जणांना हेच लक्षात राहतं, कारण आमच्या रविवारच्या मंडळींत गवंडीकाम केलेले, बिगारीवर गेलेले लोक असतात. एका चाचांनी कमानीची जोडणी बघून मला दहा मिनिटं शिकवलं, दगड वर कसा चढवत असतील ते. माझी मांडणी त्या दिवशी तिथंच थांबली, आणि बरंच झालं.

पुढचा भाग आपल्यातल्या काहींना आवडत नाही. हेच आगाखान 1906 च्या ऑक्टोबरात सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोंकडे गेलेल्या मुस्लिम शिष्टमंडळाचे प्रमुख होते. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी त्या शिष्टमंडळानं पुढे केली. त्याच वर्षी डिसेंबरात ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष आगाखान झाले. 1913 पर्यंत ते पद त्यांच्याकडे होतं. 1931 च्या गोलमेज परिषदेत मुस्लिम प्रतिनिधींचं नेतृत्व त्यांच्याकडे, समोर काँग्रेसचे एकमेव प्रतिनिधी गांधीजी. म्हणजे ज्या माणसाशी लंडनमध्ये वाटाघाटी फसल्या, त्याच्याच घरात अकरा वर्षांनी इंग्रजांनी गांधीजींना कोंडलं. इतिहासात असं होतं. आपण कशाला लपवायचं? आपली चळवळ ज्या विचारातून आली, त्या विचारानं जमातवादी राजकारणावर, हिंदू असो की मुस्लिम, कधी पांघरूण घातलेलं नाही. तेव्हा पॅलेसमध्ये उभं राहून आगाखानांची फक्त दानशूर बाजू सांगणं हे आपल्याला शोभणारं नाही. त्यांनी अलिगढ विद्यापीठासाठी झटून निधी जमवला, हेही सांगायचं. लीग सांगायची, आणि ऐकणाऱ्याला विचार करायला मोकळं सोडायचं.

एकदा मी हे सांगत असताना मागून एक जण म्हणाला, "पण ते तर आगाखानी. आपले कुठे?" हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून निदान पाच-सहा वेळा ऐकलंय. गंमत अशी की हाच माणूस 'मुसलमानांनी या देशाला काय दिलं' अशी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तेव्हा त्यात आगाखान पॅलेस असतो. यादीत असतो तोवर आपला, आत जायची वेळ आली की परका. दुसरीकडे शाळेच्या सहली येतात, बाहेरगावचे पाहुणे येतात. त्यातले बरेच जण 'गांधीजींचा तुरुंग' बघून जातात, आणि हे घर कुणाचं होतं हे त्यांच्या ध्यानीही नसतं. एका मुलीनं मला विचारलं होतं, "आगाखान म्हणजे इंग्रज होता का?" तिचा काही दोष नाही. सांगणारं कुणी नव्हतं.

आता दान. 1969. गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष. चौथे आगाखान, प्रिन्स करीम, यांनी ही सगळी वास्तू आवारासकट भारतीय जनतेला दिली. 1944 मध्ये गांधीजींनी त्या आवारातून जायला फक्त वाट मागितली होती. पंचवीस वर्षांनी वाटेसकट सगळं घर मिळालं. देणारा माणूस तेव्हा बत्तीस वर्षांचा होता, म्हणजे इथं बसलेल्या निम्म्या लोकांपेक्षा लहान. गेल्या वर्षी, 2025 च्या फेब्रुवारीत, ते वारले. पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, याच पुण्यात हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, उगाच जोडणार नाही. पण एकाच शहरात, वर्षाच्या अंतरानं, एका मुस्लिम घराण्यानं आपलं घर सगळ्यांना दिलं आणि एका मुस्लिम माणसानं आपल्या समाजाला नागरिक म्हणून जगायला सांगितलं. दोन्ही गोष्टी पुण्यातल्या मुस्लिम मुलांना माहीत हव्यात, इतकंच माझं म्हणणं.

2003 मध्ये ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर केली. याचा परिणाम आपल्यापैकी रोज नगर रस्त्यानं जाणाऱ्यांनी अंगावर सोसलाय. 2010 मध्ये स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढचे 200 मीटर परवानगीच्या कक्षेत. मेट्रोची वनाज ते रामवाडी मार्गिका मूळ आराखड्यात नगर रस्त्यानं पॅलेसच्या समोरून जाणार होती. ती या नियमामुळे कल्याणीनगरमधून वळवावी लागली. मग नदीकाठच्या पक्ष्यांसाठी कल्याणीनगरच्या बाजूनं विरोध झाला. शेवटी 2024 च्या मार्चमध्ये ती रामवाडीपर्यंत सुरू झाली. ऑफिसात आमच्याकडे यावर रोज चिडचिड व्हायची, "एका जुन्या बंगल्यापायी" वगैरे. मला तो नियम पटतो. मेट्रोचा खांब एकदा समोर उभा राहिला की शंभर वर्षं हलत नाही. पण एक गोष्ट खुपते. शंभर मीटरची हद्द राखायला कायदा आहे, दंड आहे, यंत्रणा आहे. आतल्या शंभर वर्षांची गोष्ट राखायला मात्र तुमच्या-माझ्याशिवाय कुणी नाही.

आमच्या कामात असं असतं की जुन्या सिस्टिममधल्या एखाद्या भागाला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. सगळे म्हणतात, चालतंय ना, मग राहू दे. तो भाग समजणारी माणसं हळूहळू कंपनी सोडून जातात. एक दिवस तो बंद पडतो, आणि कळतं की तो का लिहिला होता हेच कुणाला माहीत नाही. वास्तूंचं असंच होतं. भिंती शाबूत असतात आणि त्या कशासाठी आहेत ते सांगणारा माणूस गेलेला असतो.

दिल्लीचं एक उदाहरण देतो, कारण ते याच घराण्याच्या संस्थेचं आहे. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 1997 मध्ये, आगाखान ट्रस्ट फॉर कल्चरनं हुमायूनच्या मकबऱ्याभोवतीची बाग पुरातत्त्व खात्याबरोबर पूर्ववत करायचं ठरवलं. 2003 मध्ये ते काम पुरं झालं. कोरडे पडलेले पाट पुन्हा वाहू लागले. पाट म्हणजे शोभेचं पाणी असं आपल्याला वाटतं. पण चारबागेत पाणी वाहायचं तर सगळी पातळी नीट लागते, जमिनीचा उतार मिलिमीटरमध्ये राखावा लागतो. मला तो भाग वाचताना फार मजा आली, पण तुम्हाला त्यात पाडत नाही. महत्त्वाचं पुढे आहे. बागेच्या पलीकडे निजामुद्दीनची बस्ती आहे, दाट, गरीब, बहुतांश मुस्लिम. 2007 मध्ये सरकारी खात्यांबरोबर नवा करार झाला, त्यात मकबरा, सुंदर नर्सरी आणि बस्ती अशी तिन्ही एकत्र घेतली. बस्तीतली शाळा, दवाखाना, दर्ग्याजवळची बावडी हेही जतनाच्या कामाचा भाग झालं. 2018 मध्ये सुंदर नर्सरी लोकांसाठी उघडली. कुणालाही त्यात त्रुटी काढता येतील, मीही काढीन. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली. भिंतीबाहेरच्या वस्तीला आतल्या बागेशी काही घेणं-देणं नसेल, तर बाग फार तर पर्यटकांची होते.

पुण्यात भिंतीबाहेरची वस्ती कोणती? येरवडा. आमच्या पहिल्या फेरीत येरवड्याच्या एक खाला होत्या. पंचेचाळीस वर्षं तिथंच राहतात. म्हणाल्या, "बेटा, बस की खिडकी से रोज देखा, अंदर कभी नहीं आई. लगा सरकारी है, कोई पूछेगा क्यों आए." आत आल्यावर त्या आधी समाध्यांकडे गेल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या, हात उचलून दुआ मागितली. एका तरुण कार्यकर्त्यानं मला कोपरखळी मारली, हे चालतं का? मी म्हटलं, दोन गेलेल्या माणसांसाठी दुआ मागायला काय परवानगी लागते? नंतर खालांनी मला विचारलं, "ये बा कब तक बीमार थी?" मग मी त्यांना सांगितलं, कस्तुरबांचे शेवटचे महिने, नागपूरच्या तुरुंगातून त्यांच्या सेवेसाठी आणलेली मनू, पेनिसिलिन द्यायचं की नाही यावरून बाप-लेकाचं झालेलं बोलणं. देवदास गांधींचा आग्रह होता, गांधीजींनी नको म्हटलं. खाला म्हणाल्या, "लड़का सही बोल रहा था." इतकं सरळ मत त्या खोलीबद्दल मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

यावरून जतन म्हणजे काय याची माझी कल्पना जरा बदलली. पूर्वी आम्ही मित्रांनी मिळून मराठी आणि उर्दूत ध्वनिफिती केल्या होत्या. प्रत्येक दालनाची एक, मोबाइलवर ऐकायची. आवाज छान, मजकूर तपासून घेतलेला. लोक दोन मिनिटं ऐकायचे आणि कानातून काढायचे. त्या अजून आहेत, हव्या त्यांनी घ्याव्यात. पण ज्याला प्रश्न विचारता येतो असा माणूस बरोबर असला की लोक तास-दीड तास हलत नाहीत.

खर्चाचा मुद्दा राहिला. गांधीजींना या जागेबद्दल एक तक्रार होती, आणि ती अटकेपेक्षा वेगळी होती. 1944 च्या सुरुवातीला व्हाइसरॉय वेव्हेल यांना लिहिताना त्यांनी म्हटलं की एवढं मोठं घर आणि एवढा मोठा पहारा माझ्यापायी ठेवणं ही जनतेच्या पैशाची नासाडी आहे, मला कुठल्याही साध्या तुरुंगात ठेवा. आज त्याच घराच्या देखभालीवर जनतेचाच पैसा खर्च होतो. तो नासाडी आहे की नाही, हे आत कोण येतं यावर ठरेल. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथं तिकीट नाही, हे आपल्या शाळांना, मदरशांना माहीत आहे का? मी विचारलं, बऱ्याच ठिकाणी माहीत नव्हतं. सहलीला वॉटर पार्क चालतो, त्याला दरडोई पाचशे-सातशे रुपये गोळा होतात.

आणि शेवटी एक अवघड गोष्ट. आपण सरकारकडे, दुसऱ्यांकडे बोट दाखवायच्या आधी आपल्या ताब्यातल्या जागा बघू. दर्गे, मशिदींची आवारं, जुनी कब्रस्तानं, वक्फच्या बागा. वक्फ म्हणजेच मुळात माणसानं आपली मालकी सोडून लोकांच्या उपयोगासाठी बांधून ठेवलेली मिळकत. त्यातल्या किती आवारांत शेजारच्या बिगर-मुस्लिम बाईला सावलीत बसता येतं? आपल्या स्वतःच्या बहिणींना किती ठिकाणी आत जाता येतं? आवाराच्या फलकावर बांधणाऱ्याचं नाव, साल, उत्पन्न आणि खर्च लिहिलेला मी क्वचितच बघितलाय. ज्या दिवशी कुणी वास्तूच्या नावावरून वाद काढतो, त्या दिवशी आपण सगळे इतिहासकार होतो. एरवी त्याच वास्तूच्या भिंतीला लागून कचरा साठतो आणि कुणी बोलत नाही. हे कडू वाटेल. पण आगाखान पॅलेसच्या फाटकातून आत जाताना मला दर वेळी वक्फची आठवण येते, ती यामुळेच. कागदावर वक्फ नसलेली जागा वक्फसारखी वापरली जाते, आणि कागदावर वक्फ असलेल्या कित्येक जागा कुणाच्या तरी खासगी झाल्यात.

आता कामाचं बोलू. मला दर महिन्याला दोन नव्या माणसांची गरज आहे. एक उर्दूत किंवा आपल्या दखनीत बोलणारं, एक मराठीत. भाषण येण्याची गरज नाही. मी आठ पानांचं टिपण केलंय, त्यात तारखा आहेत, लीगचं पान आहे, कस्तुरबांचं आहे. ते वाचा, नंतर तुमच्या शब्दांत सांगा. वडीलधाऱ्यांना आणायचं असेल तर सकाळी लवकर आणा, बागेतून समाध्यांपर्यंत चालावं लागतं. पाण्याची बाटली घरून आणा आणि रिकामी घरी न्या. बिगर-मुस्लिम मित्र बरोबर आणले तर फारच चांगलं; गेल्या दोन फेऱ्यांत प्रश्न त्यांचेच जास्त होते.

पुढची फेरी येत्या रविवारी, सकाळी साडेनऊला, नगर रस्त्याच्या फाटकापाशी. मेट्रोनं येणार असाल तर कल्याणीनगरला उतरा आणि तिथून रिक्षा करा. नावं बाहेर टेबलावरच्या वहीत लिहा, फोन नंबरसकट. आत्तापर्यंत अकरा झालीत, त्यात सात मुली आहेत.